एकतीस नंबरला सूज येत नाही

१

सोमवार हा आमच्याकडे डोस द्यायचा दिवस आणि मंगळवार सूज बघायचा. गेली सहा वर्षं माझा आठवडा असाच सुरू होतो.

मी जनावरांची डॉक्टर. अंबड तालुक्यात, फाट्यापासून दीड किलोमीटर आत, कपाशीच्या शेतांमध्ये एक कंपनी चाळीस घोडे पाळते. त्यांची तब्येत सांभाळणं हे माझं काम. आसपासच्या गावांत या जागेला नुसतं 'घोड्याचा फार्म' म्हणतात. इथं शर्यतीचे घोडे असतील असं पुष्कळांना वाटतं.

आम्ही घोड्यांना सापाचं विष टोचतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, चौघांचं. आधी इतकं कमी की जनावराला कळूही नये, मग हळूहळू जास्त. घोड्याचं रक्त त्या विषाशी झगडायला शिकतं. ते पुरेसं शिकलं की मानेच्या शिरेतून रक्त काढायचं, वर येणारं पिवळं पाणी ठेवून घ्यायचं आणि खाली बसलेल्या तांबड्या पेशी त्याच घोड्याला परत द्यायच्या. ते पिवळं पाणी थंड गाडीतून दूरच्या कारखान्यात जातं आणि त्याच्या कुप्या होऊन दवाखान्यात येतात. साप चावलेल्या माणसाला जे देतात ते हेच.

विष टोचलं की सूज येते. कुठल्याही घोड्याला येते. टोचलेल्या जागी लिंबाएवढी गाठ, कधी पेरूएवढी, अंगात थोडा ताप, दोन दिवस चाऱ्यावर मन नसतं. मंगळवारी सकाळी मी एकेकाच्या मानेवरून हात फिरवते. प्रत्येक घोड्याच्या कागदावर घोड्याचं चित्र छापलेलं असतं. जिथं गाठ, तिथं चित्रावर खूण.

जूनच्या दुसऱ्या मंगळवारी एकतीस नंबरच्या चित्रावर खूण करायला काही नव्हतं.

एकतीस नंबर ही करड्या रंगाची घोडी, अकरा वर्षांची. तिच्या मानेवर दोन्ही हात फिरवले. कातडी गार होती, मऊ होती. ती निवांतपणे घास खात होती.

"तिला काईच होऊन न्हाई राह्यलं, मॅडम," धर्मराजभाऊ म्हणाले. घोड्यांची सगळी देखभाल त्यांच्याकडे. माझ्या आधी बारा वर्षांपासून ते इथं आहेत. "तीन सोमवार झाले. मी म्हनलं तुमच्या ध्यानात आलंच आसंल."

माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आधीचे कागद काढून पाहिले. एकतीसच्या तिन्ही चित्रांवर सूज नव्हती, आणि खाली सही माझीच होती.

२

पहिला विचार साधा होता. डोस चुकला असेल. गडबडीत सुई कातडीतून आरपार जाऊन विष बाहेर सांडतं, असं होतं कधी कधी.

पुढच्या सोमवारी एकतीसला मी स्वतः टोचलं. मानेवर डावीकडे दोन जागी, उजवीकडे एका जागी. सुई काढल्यावर बोटानं दाबून धरलं. एक थेंब बाहेर आला नाही. घोडीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि परत गव्हाणीत तोंड घातलं. तिच्या शेजारी बत्तीस नंबर दोरी ताणून थयथयाट करत होता.

मंगळवारी तिची मान स्वच्छ होती.

मग दुसरा विचार आला. तिच्या रक्तानं काम करणं थांबवलं असेल. काही घोडे थकतात, त्यांचं शरीर विषाची दखल घ्यायचं सोडून देतं. अशा घोड्याला आम्ही मोकळं सोडतो. मी तिचं रक्त तपासायला पाठवलं. चार दिवसांनी कारखान्यातून आमचे वरिष्ठ काकासाहेब यांचा फोन आला. त्यांचा आवाज खूश होता.

"एकतीसला काय खाऊ घालता, मॅडम? चाळीस घोड्यांत असा आकडा कुणाचा नाही."

म्हणजे विष तिच्या अंगात जात होतं. रक्त त्याच्याशी झगडत होतं, दुप्पट जोमानं झगडत होतं. फक्त त्याचा त्रास तिच्या अंगावर कुठंच दिसत नव्हता. मी कागदावर 'सहनशक्ती उत्तम' असं लिहिलं. तसं लिहायला जागा होती म्हणून लिहिलं.

३

गोजरबाई पहिल्यांदा आल्या तो मंगळवारच होता. दुपारचे बारा वाजले असतील. फाटकावरच्या माणसानं फोन केला की एक बाई आल्यात, घोडे बघायचे म्हणतात, ऐकत नाहीत.

पन्नाशीच्या असाव्यात. अंतरवाली सराटीच्या पुढच्या एका वस्तीवरून चालत आल्या होत्या. डोक्यावरचा पदर त्यांनी गळ्याभोवती घट्ट गुंडाळला होता. इतक्या उन्हात ते बघवत नव्हतं.

"मागल्या साली सोयाबीन निंदताना घोणस डसली मला," त्या म्हणाल्या. "जालन्याला नेलं. बावीस इंजेक्शनं दिली. वाचले. तिथल्या सिस्टरनं सांगितल्तं, मावशी, हे औषध घोड्याच्या रक्ताचं हाय म्हनून. तव्हापासून मनात व्हतं, एकडाव बघून यावं."

"इतकंच ना? या आत. लांबून बघा."

"इतकंच न्हाई," त्या म्हणाल्या आणि पदर सोडला.

डाव्या कानाखाली दोन गाठी होत्या. उजवीकडे एक. लिंबाएवढ्या, तांबूस, चकाकणाऱ्या. मी हात लावला. गरम होत्या. सहा वर्षांत मी अशा हजारो गाठींना हात लावला आहे. माणसाच्या मानेवर कधी लावला नव्हता.

"कधी येतात?"

"सोमवारी दुपारून सुरू व्हतंय. बेस्तरवारपर्यंत उतरतंय. डॉक्टरला दावलं, तो म्हनला चरबीची गाठ हाय. दुसरा म्हनला किडा चावला. दर सोमवारी कोन्ता किडा चावंल, बाई?"

मी त्यांना डॉक्टरनं सांगावं तसं समजावून सांगितलं. हे औषध घेतल्यावर काहींना दहा-बारा दिवसांनी पुरळ उठतं, सांधे धरतात. हे पुस्तकात आहे. वर्षभरानंतर होत नाही, हेही पुस्तकात आहे. ते मी सांगितलं नाही.

बोलत बोलत आम्ही कुंपणापाशी आलो होतो. घोडे पलीकडच्या टोकाला लिंबाखाली सावलीला उभे होते. त्यांतली करडी घोडी निघाली आणि उन्हातून सरळ चालत आली. तारेजवळ येऊन उभी राहिली. गोजरबाईंनी तिला हात लावला नाही, नाव विचारलं नाही. दोघी नुसत्या उभ्या होत्या.

"हिच्याजवळ जरा बरं वाटतंय," काही वेळानं त्या म्हणाल्या. "कामून बरं वाटत आसंल?"

कचेरीत येऊन मी एकतीसचा कालचा कागद काढला. डावीकडे दोन जागी, उजवीकडे एका जागी टोचलं, असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

४

एका कुपीत एका घोड्याचं रक्त नसतं. तीस-चाळीस घोड्यांचं पिवळं पाणी एकत्र करून औषध बनतं. त्यामुळे एका बाईचा एका घोडीशी संबंध जोडायला काही आधार नाही. हे मी स्वतःला रोज सांगत होते आणि ते खरंच होतं.

म्हणून मी एक साधी परीक्षा घ्यायची ठरवली. जुलैच्या पहिल्या सोमवारी एकतीसच्या सुईत विष भरलंच नाही, नुसतं मिठाचं पाणी भरलं. कुणाला सांगितलं नाही. धर्मराजभाऊंनाही नाही. गुरुवारी ते जेवायला गेले तेव्हा मी एकटी तबेल्यात गेले आणि खरा डोस दिला. एकाच जागी, छातीजवळ खाली, उजवीकडे. त्या जागी आम्ही कधीच टोचत नाही.

घोडी हलली नाही. मला घाम आला होता.

शुक्रवारी अकरा वाजता गोजरबाई फाटकावर होत्या. या वेळी पदर गळ्याभोवती नव्हता. उजवा हात छातीशी धरला होता, गळ्याच्या हाडाखाली.

"सोमवारी काईच झालं न्हाई बघा," त्या म्हणाल्या. "मी म्हनलं सुटले. मंग काल दुपारी हितं आलं. या बारीला एकच हाय, पर लई ठणकून राह्यलं."

मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"तुम्हाला म्हाईत हाय ना, बाई?"

"नाही, मावशी," मी म्हणाले. "मला माहीत नाही." ते खोटं नव्हतं. काय घडतंय एवढं दिसत होतं. माहीत काहीच नव्हतं.

औषधाचा त्रास झाला तर कळवायचा एक फॉर्म असतो. त्या संध्याकाळी तो भरायला घेतला. रुग्णाचं नाव, वय, गाव, त्रासाचं वर्णन. मग 'संभाव्य कारण' अशी जागा आली. तिथं पेन टेकवून मी बराच वेळ बसले. शेवटी फॉर्म टेबलाच्या खणात ठेवून दिला.

५

एकतीसला मी विश्रांतीवर टाकलं. कारण म्हणून खुराचं दुखणं लिहिलं. काकासाहेबांना ते आवडलं नाही, पण घोड्याच्या तब्येतीबाबत शेवटचा शब्द माझा असतो.

पुढचे दोन आठवडे गोजरबाई आल्या नाहीत. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी शेजारच्या माणसाच्या हाती शेंगा पाठवल्या, भिजवून उकडायच्या. धर्मराजभाऊंनी आणि मी त्या कचेरीत बसून खाल्ल्या. प्रश्न सुटला असं मला वाटलं. उत्तर मिळालं नव्हतं, पण मला उत्तराची गरज नव्हती.

जुलैच्या शेवटच्या मंगळवारी चौदा नंबरला सूज नव्हती.

मी त्याच्या मानेवरून तीनदा हात फिरवला. धर्मराजभाऊ दोरी धरून उभे होते. चौदा हा आडदांड घोडा, सुई दिसली की मागच्या पायांवर उभा राहणारा. तो डोळे अर्धे मिटून उभा होता.

त्या दिवशी मी फाटकाकडे लक्ष ठेवून होते. कुणी आलं नाही. बुधवारीही नाही. कुणीतरी आलं असतं तर बरं झालं असतं, असं मनात आलं. कुणी आलं नाही याचा अर्थ ज्या कुणाच्या मानेवर त्या गाठी उठल्या असतील त्याला आमची जागा माहीत नव्हती. जाफराबादला, परतूरला, कदाचित दुसऱ्या जिल्ह्यातही, कुणीतरी सोमवारी दुपारी हातातलं काम टाकून गळ्याला हात लावत असेल आणि घरचे म्हणत असतील, किडा चावला असेल.

चौदालाही विश्रांती दिली. ऑगस्टमध्ये आठ नंबरची सूज गेली. मग बावीसची.

माझी एक सवय मला तेव्हा कळली. मंगळवारी सकाळी घोड्याच्या मानेवरून हात फिरवताना बोटांखाली गाठ लागली की मला हायसं वाटायचं. जितकी मोठी, तितकं बरं वाटायचं.

"पयल्या जमान्यात आसं व्हतं का, भाऊ?" मी एकदा विचारलं. त्यांच्याशी बोलताना माझीही भाषा तशी होते.

"न्हाई," धर्मराजभाऊ म्हणाले. थोडा वेळ खरारा करत राहिले. "घोडं आपलं दुखनं आपल्याजवळ ठेवायचं. बराबर ठेवायचं."

६

बाबांना साप चावला तो ऑगस्टचा शेवटचा शनिवार. माझे बाबा राजानंद, शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक. जाफराबादजवळ आमचं दोन एकर शेत आहे. विहिरीच्या कडेचं गवत कापताना पायाच्या घोट्यावर घोणस चावली. शेजाऱ्यानं जीपमध्ये घालून जालन्याला आणलं. मी पोचले तेव्हा पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता आणि हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं.

आई, गिरिजाबाई, पलंगाच्या पायथ्याशी बसली होती. तिनं त्यांचा चष्मा दोन्ही हातांत धरला होता.

सिस्टर ट्रे घेऊन आल्या. दहा कुप्या होत्या. मी एक उचलून पाहिली. लेबल आमच्याच कंपनीचं होतं.

"दुसऱ्या कंपनीचं आहे का?" मी विचारलं.

"आज एवढंच आहे, मॅडम. हे पण सकाळी आलं. कामून?"

मी हिशोब केला. या कुप्यांतलं रक्त हिवाळ्यात काढलेलं. तेव्हा एकतीसला सूज येत होती, चौदालाही येत होती. पण गोजरबाईंना ज्या कुप्या दिल्या त्यांतलं रक्त त्याच्याही आधीचं होतं. हिशोबाचा काही उपयोग नव्हता. पलंगावरच्या माणसाचं रक्त गोठत नव्हतं. औषध दिलं नाही तर उद्यापर्यंत काय होईल ते कुणीही सांगू शकलं असतं.

बाबांनी डोळे उघडले. माझ्या हातातली कुपी त्यांना दिसली.

"तुझ्या घोड्यांचं आहे का ते?"

"हो, बाबा."

"मंग चांगलंच असंल," ते म्हणाले.

मी कुपी ट्रेमध्ये परत ठेवली आणि सिस्टरना म्हणाले, "द्या." दहा दिल्या, सहा तासांनी आणखी दहा. रविवारी दुपारी रक्त गोठायला लागलं. सोमवारी बाबांनी चहा मागितला आणि साखर कमी आहे म्हणून तक्रार केली. आई तेव्हा रडली.

७

सप्टेंबर सुरू झाला. बाबा घरी गेले. मी दर सोमवारी संध्याकाळी फोन करायचे.

"मानेला काही दुखतंय का त्यांच्या?"

"मानेला कशाला दुखंल? पायाला चावलाय ना," आई म्हणायची.

दुसऱ्या सोमवारी ती म्हणाली, "दुपारून जरा झोपलेत. अंग दुखतंय म्हणत होते. वातावरण खराब झालंय."

मंगळवारी एकोणीस नंबरला सूज नव्हती. मी त्याला त्याच दिवशी थांबवलं. पुढच्या सोमवारी बाबा स्वतः फोनवर आले आणि गावातल्या ग्रामसेवकाबद्दल दहा मिनिटं बोलत राहिले, म्हणजे बरे होते. पण त्या आठवड्यात आणखी सात घोड्यांची सूज गेली. त्याच्या पुढच्या आठवड्यात अकरा. एकेका घोड्याच्या कागदावर मी खुराचं दुखणं, पोटाचं दुखणं, कान वाहणं असं काहीबाही लिहीत होते. ज्यांना खरोखर काही होत नव्हतं अशा जनावरांची दुखणी.

काकासाहेबांचा फोन आला तेव्हा तेवीस घोडे विश्रांतीवर होते.

"मॅडम, मी तुमच्यावर कधी शंका घेतली नाही. पण कागदावर तेवीस आजारी आणि रक्ताचे आकडे असे की आम्ही दोनदा तपासले. असे निरोगी घोडे आपल्याकडे कधीच नव्हते. काय चाललंय?"

"मला खात्री नाही, सर."

"खात्री नाही म्हणून घोडे बंद ठेवायचे? सापांचे दिवस आहेत. जिल्ह्याजिल्ह्यांतून रोज मागणी येते. गेल्या आठवड्यात दोन ठिकाणी कुप्या संपल्या होत्या, तुम्हाला माहितीये. पुढे काय झालं तेही माहितीये."

मला माहीत होतं. एका ठिकाणचा पेशंट नऊ वर्षांचा होता.

"सोमवारपासून सगळे चाळीस घ्या," काकासाहेब म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "नाहीतर कारण लिहून पाठवा. मी वाचतो."

रविवारी मी खणातला तो फॉर्म काढला. पहिल्या चार जागा भरलेल्या होत्या. पाचवी तशीच होती.

८

सोमवारी सकाळी आठला मी फार्मवर पोचले. घोडे कुंपणाच्या कडेला आले होते. सगळे. तोंडं रस्त्याकडे करून एका ओळीत उभे होते. धर्मराजभाऊ त्यांना तबेल्याकडे वळवत होते आणि ते वळत नव्हते.

रस्त्यावर माणसं होती.

फाट्यावर एसटी आणि जीपा थांबत होत्या, तिथून ती चालत येत होती. बायका होत्या, म्हातारी माणसं होती, शाळेच्या गणवेशातली एक मुलगी आईचा हात धरून चालत होती. एकमेकांशी फारसं कुणी बोलत नव्हतं. येऊन तारेशी उभी राहायची. पुढं गोजरबाई होत्या. ओळीत कुठं उभं राहायचं हे प्रत्येकाला ठाऊक असल्यासारखं वाटत होतं. कुणी रेंगाळत नव्हतं, कुणी जागा बदलत नव्हतं. मी त्यांना मोजलं नाही.

मधोमध बाबा उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. पहाटेच्या पहिल्या बसनं निघाले असतील. त्यांच्या समोर तारेपलीकडे एकोणीस नंबर होता.

"बाबा, तुम्ही इथं कसे?"

"सोमवार आहे ना," ते म्हणाले.

"पण आज... तुम्हाला कुणी सांगितलं?"

त्यांनी जरा विचार केला. वर्गात मुलानं अवघड प्रश्न विचारला की करायचे तसा.

"कुणी सांगितलं न्हाई. काल रात्रीच कपडे काढून ठेवले होते. तुझी आई म्हणाली कुठं चाललात, तर मला सांगता येईना. इथं फाट्यावर उतरलो तर हे सगळे इकडंच निघालेले." त्यांनी गोजरबाईंकडे मान केली. "या बाई म्हणतात, जवळ उभं राह्यलं की सोसायला बरं पडतं."

"बाबा, घरी चला. मी गाडी काढते. आज मी डोस देणार नाही."

"मंग कधी देशील?"

मी गाडीची किल्ली काढली.

"हे औषध रोज लागतं का कुणाला तरी?"

"रोज लागतं."

"मला लागलं तेव्हा होतं," बाबा म्हणाले. ते एकोणीसकडे बघत होते, माझ्याकडे नाही. "ते कशातून आलं, तेव्हा आपण विचारलं न्हाई. हो ना? जा. उशीर नको करू, ऊन वाढून राह्यलंय. त्या शाळेच्या लेकराला उन्हाचं उभं राहावं लागंल."

त्यांनी पिशवी खाली ठेवली, दोन्ही हात तारेवर टेकवले आणि डोकं खाली घातलं. त्यांच्या शेजारच्या बाईनंही तसंच केलं.

धर्मराजभाऊ माझ्या मागे ट्रे घेऊन उभे होते. त्यांनी विचारलं, "द्यायचा का, मॅडम?"

मी सांगू शकते की मी काकासाहेबांचा विचार केला, नऊ वर्षांच्या त्या पेशंटचा केला. खरं म्हणजे मी कशाचाच विचार केला नाही. हातमोजे घातले.

घोडे तबेल्यात यायला तयार नव्हते, म्हणून कुंपणापाशीच टोचायचं ठरलं. सुरुवात एकोणीसपासून केली; ते आधी उरकावं असं मला वाटलं. त्याची मान चाचपली, जागा पुसली, सुई घातली, दट्ट्या सावकाश दाबला. घोडा ढिम्म होता. त्याचा कानसुद्धा हलला नाही.

मला घोड्याकडेच पाहायला हवं होतं. मी त्याच्या पाठीवरून पलीकडे पाहिलं.

बाबांचं डोकं खालीच होतं. कॉलर आणि केस यांच्यामध्ये त्यांची मान दिसत होती, उन्हानं रापलेली. तिथली कातडी थरथरली. अंगावरची माशी उडवायला जनावर हलवतं तशी, भराभर, लाटेसारखी, कानापासून खांद्यापर्यंत. बाकीचं शरीर अगदी स्थिर होतं. हात तारेवरून निघाले नाहीत. कातडी थांबली आणि मी सुई काढली तेव्हा पुन्हा एकदा थरथरली.

माणसाच्या मानेच्या मागे असा स्नायू नसतो. जनावरांचं शरीर शिकवताना पहिल्याच वर्षी हे सांगतात, दोघांतला फरक म्हणून.

बाबांनी एक पाय उचलला, जमिनीवर टेकवला आणि लांब श्वास सोडला. शेजारच्या बाईनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती तिच्या घोड्याकडे पाहत होती.

धर्मराजभाऊंनी एकोणीसला बाजूला घेतलं आणि पुढचा आणला. त्यांनी दोरी बरोबर धरली होती. तो घोडाही हलला नाही. कुंपणाशी कुणीतरी नाकातून जोरानं फुरफुरलं.

तिसऱ्या घोड्याला टोचताना मी पलीकडे पाहिलं नाही. अजून सदतीस राहिले होते.